डिसेबिलिटी पेन्शन नाकारली गेली, मुलगी कॉलेजात गेली: माजी हवालदाराने आधी काय करावं?

प्रश्न असा आहे. कोरेगाव तालुक्यातले एक माजी हवालदार १९९४ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि २४ वर्षं नोकरी करून २०१८ मध्ये पेन्शनवर आले. घरी येताना रिलीज मेडिकल बोर्डाने (फौजेतून बाहेर पडताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) त्यांच्या ब्लड प्रेशरचं अपंगत्व ३० टक्के धरलं, पण ते फौजेच्या नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, असा शेरा मारला. डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर झाल्याचं पत्र आलं, ते त्यांनी तसंच पेटीत ठेवून दिलं. आता मुलगी बारावीला ७४ टक्के मिळवून बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मुलगा नववीत आहे. इतक्या वर्षांनी पेन्शनचं काही होईल का, आणि मुलांच्या शिक्षणाला नेमकं काय मिळतं, असं ते विचारतात.

हवालदारसाहेब, जय हिंद. फौजेत मी क्लार्क होतो, आणि पेन्शनवर आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केलं. तुमच्यासारखी पत्रं पेटीत ठेवून दिलेली किती घरं पाहिली असतील. दोन्ही बाबतींत तुम्हाला करण्यासारखं पुष्कळ आहे, पण क्रम उलटा लावा. तुम्ही पेन्शन आधी विचारली आहे; मी मुलीचा अर्ज आधी सांगतो. पेन्शनचा दावा उशिरा केला तर थकबाकी कमी होते, दावा मरत नाही. मुलीची पंतप्रधान शिष्यवृत्ती मात्र पहिल्या वर्षाच्या प्रवेशावरच मागता येते. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या वर्षात गेली की केस कितीही खरी असली तरी अर्ज घेतला जात नाही.

ही योजना २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड चालवतं. वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींसाठी. मुलीला महिना ३,००० रुपये आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. तुमच्या मुलीचं धरलं तर वर्षाला ३६,००० आणि नर्सिंगच्या चार वर्षांत १,४४,००० रुपये. बारावीला किमान ६० टक्के लागतात, ते तिच्याकडे आहेत. पुढे दरवर्षी पास होऊन ५० टक्के टिकवावे लागतात, आणि नूतनीकरणाचा अर्ज आपल्यालाच करावा लागतो. पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलांची दुसऱ्या वर्षाची रक्कम बुडालेली मी पाहिली आहे.

निवड कशी होते हे समजून घ्या, कारण तुमचे दोन्ही प्रश्न इथे एकमेकांना भेटतात. आधी गट, मग गुण. पहिल्या गटात कारवाईत शहीद झालेल्यांची मुलं आणि वीरपत्नी. दुसऱ्यात कारवाईत जखमी होऊन बोर्ड आऊट झालेल्यांची, म्हणजे मेडिकल बोर्डाने नोकरीला अपात्र ठरवून घरी पाठवलेल्यांची मुलं. तिसऱ्यात नोकरीत असताना, नोकरीच्याच कारणाने मृत्यू आलेल्यांची. चौथ्यात नोकरीमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांची. पाचव्यात शौर्यपदक मिळवणाऱ्यांची. सहावा गट म्हणजे अधिकारी सोडून बाकी सगळ्या माजी सैनिकांची मुलं, आणि गर्दी तिथेच आहे. आज तुमची मुलगी सहाव्यात बसते. त्या गर्दीत ७४ टक्क्यांवर नक्की निवड होईल, असा शब्द मी तुम्हाला देणार नाही. पण अर्ज न करणं हा पर्याय नाही.

मग पेन्शनची केस जिंकलो तर मुलगी चौथ्या गटात जाईल का? सरळ उत्तर असं. मेडिकल बोर्डाच्या भाषेत दोन गोष्टी वेगळ्या आहेत: आजार नोकरीमुळे झाला, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटेबल; किंवा नोकरीमुळे बळावला, म्हणजे अ‍ॅग्रव्हेटेड. पेन्शनसाठी दोन्ही चालतात, पैसे सारखेच मिळतात. चौथ्या गटाची अट मात्र ‘नोकरीमुळे झालेल्या’ अपंगत्वाची आहे. ब्लड प्रेशरच्या बऱ्याच केसेस बळावल्याच्या मुद्द्यावर मान्य होतात. त्यामुळे पेन्शन मिळाली म्हणजे गट आपोआप बदलतो, असं समजू नका. शिवाय केसचा निकाल लागेपर्यंत मुलगी थांबू शकत नाही. सहाव्या गटातून अर्ज आत्ताच करा.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. यंदाची शेवटची तारीख तिथेच बघा, शेजाऱ्याच्या तोंडी तारखेवर जाऊ नका. आपल्या जिल्हा कार्यालयाकडून माजी सैनिक असल्याचं प्रमाणपत्र, कॉलेजकडून बोनाफाइड आणि बँकेकडून खात्याचं प्रमाणपत्र, ही तिन्ही ठरलेल्या नमुन्यातच लागतात. कॉलेजने आपल्या लेटरहेडवर छान मराठीत लिहून दिलेलं बोनाफाइड उपयोगाचं नाही. खातं मुलीच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं. मूळ कागद स्कॅन करा; झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो हमखास परत येतो.

आता आपल्याकडची खास अडचण. फौजेच्या कागदांवर महाराष्ट्रातल्या जवानांची नावं पुष्कळदा आडनाव आधी अशी चढलेली असतात. कुणाचं आडनाव गळलेलं असतं, कुणाच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग भरतीच्या दिवशी ज्याने लिहिलं त्याच्या कानावर अवलंबून राहिलेलं असतं. मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि तुमच्या डिस्चार्ज बुकात तिसरं. माणसाला ते एकच आहे हे कळतं, संगणकाला कळत नाही. तुमच्या बाबतीत मुलं नोकरीत असतानाच झाली, तेव्हा त्यांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या रेकॉर्डला नोंद चढवणारा आदेश) निघालेली असणार. डिस्चार्ज बुक उघडून दोघांची नावं आणि जन्मतारखा दाखल्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून, जिल्हा कार्यालयामार्फत, रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीला पाठवा. तुमचं रेकॉर्ड बेळगावला. इतर वाचकांसाठी सांगतो: तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. ही दुरुस्ती वेळ खाते, म्हणून अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तिला हात घालू नका.

धाकट्याचं सोपं आहे. रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांच्या माजी सैनिकांना दोन मुलांपर्यंत शिक्षण अनुदान मिळतं. आधी ते महिना १,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना महिना २,००० झालं आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत मिळतं, आणि मूल ज्या इयत्तेत पास झालं त्या वर्षासाठी मागायचं असतं. म्हणजे नववीचा निकाल हातात आला की गुणपत्रिका जोडून अर्ज करायचा. एकाच मुलासाठी दुसरीकडून सरकारी शैक्षणिक मदत घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. ते खरं असेल तरच लिहा. सुभेदार किंवा नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलेल्यांना हे अनुदान नाही, त्यांनी आशेवर राहू नये.

मुलीची शिष्यवृत्ती झाली नाही तर महाडीबीटी पोर्टलवर माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेली राज्याची सवलत तिच्या कॉलेजला लागू होते का, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. कॉलेज घरापासून लांब असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकी मुलींचं वसतिगृह आहे का याचीही चौकशी करा. खासगी खोलीचं भाडं वाचलं तर ती बचत शिष्यवृत्तीपेक्षा कमी नसते, आणि आईवडिलांना रात्री झोप लागते.

आता तुमची पेन्शन.

पहिली अट म्हणजे अपंगत्व किमान २० टक्के. तुमचं ३० आहे. दुसरी अट नोकरीशी संबंधाची, आणि तिथे तुमचा दावा अडला. बोर्डाच्या कागदावर कारण म्हणून बहुतेक ‘शरीरप्रकृतीचा आजार’, ‘जीवनशैलीचा आजार’ किंवा ‘पीस स्टेशनला (शांततेच्या ठिकाणच्या पोस्टिंगवर) असताना सुरू झाला’ यांपैकी काहीतरी एका ओळीत लिहिलेलं असेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं की, भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही तो तेव्हा धडधाकट होता असं धरलं पाहिजे, संबंध नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर आहे, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणं लिहिली पाहिजेत. तुम्ही २०१८ मध्ये बाहेर पडलात, म्हणजे तुम्हाला डिसेबिलिटी पेन्शनच्या पात्रतेचे २००८ चे नियम लागतात. सरकारी वकील म्हणतील की धर्मवीर सिंग निकाल जुन्या १९८२ च्या नियमांवरचा आहे, २००८ च्या नियमांत ते गृहीतक राहिलेलं नाही. या युक्तिवादात काही दम नाही असं मी म्हणणार नाही. पण कारणं लिहिण्याची जबाबदारी नव्या नियमांतही सुटलेली नाही, आणि नुसतं ‘पीस पोस्टिंग होतं’ हे पुरेसं कारण नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये २००८ च्याच नियमांखाली स्पष्ट केलं आहे. तुमची केस या जागेवर उभी राहते.

ब्लड प्रेशरच्या बाबतीत खुद्द फौजेच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत फील्ड (आघाडीची पोस्टिंग), बंडखोरीविरोधी मोहिमा आणि अतिउंचावरच्या नोकरीचा विचार करायला सांगितलं आहे. म्हणून एक काम शांत बसून करा. भरतीपासून शेवटपर्यंत कुठे, कधी ते कधी होतात याची यादी बनवा. कारगिल, काश्मीर, ईशान्य, सियाचिन, जे असेल ते तारखांसह. मग पहिल्यांदा बी.पी. कधी सापडलं आणि मेडिकल कॅटेगरी कधी उतरली ते त्या यादीशेजारी मांडा. फील्डमधून येऊन थोड्याच दिवसांत पीस स्टेशनच्या हॉस्पिटलात सापडलं असेल, तर बोर्डाने पीस स्टेशन लिहिलं तरी गोष्ट उलटी आहे, आणि ती ट्रिब्युनलला, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणाला, दिसते. उलट, बोर्डाने वजन जास्त असल्याचं, तंबाखूचं किंवा औषध वेळेवर न घेतल्याचं कारण नोंदवलं असेल आणि तुमचं पोस्टिंग बरीच वर्षं पीसलाच असेल, तर केस दुबळी आहे. हे मी तोंडावर सांगतो, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगितलं जातं की सगळ्यांना मिळते. सगळ्यांना मिळत नाही.

जिंकलात तर किती? १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, या हिशेबाने ३० टक्क्यांना ९ टक्के. शेवटचा पगार ४०,००० धरला तर ३,६०० रुपये. पण इथे एक मोठी गोष्ट आहे, तिला ब्रॉड बँडिंग म्हणतात: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. सरकार हे फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत होतं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही ते द्यावं असं सांगितलं. म्हणजे तुमचे ३० चे ५० होतात, ३,६०० चे ६,०००, आणि वर महागाई भत्ता. हे तुमच्या चालू सर्व्हिस पेन्शनच्या वरचे पैसे आहेत. ज्यांना आज डिसेबिलिटी पेन्शन मिळते आहे त्यांनीही आपला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून बघावा. ३० टक्क्यांचेच पैसे येत असतील तर ब्रॉड बँडिंग मागायचं राहिलं आहे.

उशिराचं काय? नामंजुरीच्या पत्रानंतर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं होतं, ते राहिलं. तरी पेन्शन ही महिन्याला महिना नाकारली जाणारी गोष्ट असल्याने दावा जिवंत राहतो. २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी मात्र अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच सहसा मिळते. २०१८ पासूनचे सगळे पैसे मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला केस देऊ नका. आणि इथून पुढे जितके महिने पत्र पेटीत राहील, तितके महिने मागून गळत जातील.

पहिलं पाऊल दहा रुपयांचं आहे. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, आणि रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, नामंजुरीचं पत्र आणि तुमच्या पोस्टिंगचा तपशील मागा. आर्मी नंबर, हुद्दा, बाहेर पडल्याची तारीख आणि पीपीओ नंबर लिहायला विसरू नका. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. कागद आले की रेकॉर्ड ऑफिसमार्फतच पहिलं अपील करा, उशिराचं कारण खरं लिहा: नियम माहीत नव्हते, कुणी सांगितलं नाही. ते उशिरामुळे फेटाळलं किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचं दार उघडतं; महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा त्याच्याकडे आहेत. अपील न करता थेट तिथे गेलात तर आधी अपील करून या, असं ऐकावं लागू शकतं, आणि वर्ष जातं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे, तिच्यात जिल्हा सैनिक कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रं आहेत. तिथे आधी जा. गावोगाव फिरणारे, थकबाकीच्या निम्म्यावर सौदा करणारे आणि मूळ डिस्चार्ज बुक ताब्यात ठेवणारे दलाल यांना दारात उभं करू नका. ओटीपी विचारून स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरचा मोबाइल नंबर बदलून घेतल्यावर म्हाताऱ्या पेन्शनरची काय अवस्था होते, ते पाहून मला आजही संताप येतो. मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालासुद्धा. साक्षांकित प्रत पुरते.

एक गैरसमजही दूर करतो. मेडिकल बोर्डाचे ३० टक्के म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. नागरी कायद्यात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली, नोकरीतलं आरक्षण वगैरे मिळायला कायद्याच्या यादीतलं अपंगत्व आणि किमान ४० टक्के लागतात. ते प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळतं आणि ब्लड प्रेशर त्या यादीत नाही. ज्यांचा कान गेला आहे, पाय गेला आहे, दृष्टी गेली आहे, त्यांनी मात्र फौजेची पेन्शन मिळते म्हणून थांबू नये, दिव्यांग ओळखपत्रही काढावं. दोन्ही घेता येतात.

आणि जे तुमच्यापेक्षा फार मोठी जखम घेऊन घरी आले आहेत, त्यांच्या घरच्यांसाठी थोडं. कारवाईत कायमचं अपंगत्व आलेल्यांच्या मुलांची शिकवणी फी आणि वसतिगृहाचा खर्च संरक्षण मंत्रालय पदवीपर्यंत उचलतं. १९७१ च्या युद्धानंतर सुरू झालेल्या या सवलतीवर २०१७ मध्ये महिना १०,००० ची मर्यादा घातली गेली होती, ती मार्च २०१८ मध्ये उठवली. अजूनही कुणी शाळा ती मर्यादा सांगत असेल तर ते जुनं आहे. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतं आहे. खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथेच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी मुंबईत सुरू झालेली संस्था. अपंगत्व आलेला जवान तिथे स्वतः नवं काम शिकू शकतो. शिक्षणाची सवलत म्हटलं की आपल्याला फक्त पोरं आठवतात. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. सगळे पेटकर होणार नाहीत, पण तिशीतला जवान खाटेवर बसून राहावा असं काहीही नाही. त्याला आधी खडकीला घेऊन जा, फाइलचं काम मागून होईल.

हवालदारसाहेब, बोर्डाची प्रत आली की शेवटच्या पानांवर मत आणि कारण असा भाग असेल. त्यातलं कारण जसंच्या तसं, पहिल्यांदा बी.पी. सापडल्याची तारीख आणि त्या वेळचं ठिकाण, एवढं लिहून मला पुन्हा विचारा. अपिलाचा मसुदा कसा करायचा ते त्यावरून ठरेल. तोवर मुलीला कॉलेजात बोनाफाइडचा ठरलेला नमुना घेऊन उद्याच पाठवा.